जलसेतूवर नाकाला नाक

कोल्डर जलसेतू, अगदी मधोमध
शुक्रवार, दुपारच्या चहानंतर

तीर्थस्वरूप केझायाताईस,

धाकट्या जेबेझचा टोपी काढून नमस्कार (टोपी डोक्यावरच आहे). तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या पुन्हा अंडी देऊ लागल्या का? दाजींचा खोकला हटत नसेल तर त्यांना पाइप सोडायला सांग, नाहीतर निदान खोकायला बाहेर पाठव. मी खुशाल आहे. मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे आणि तुला वाचता येत नाही हे मला. तेव्हा हे पत्र तुमच्या लॉकवर कालव्याची पाणदारं उघडणारे सायलसबुवा तुला वाचून दाखवतील. इकडे या पुलावर अक्षरओळख असलेलं एकच माणूस आहे, आणि नेमकी त्याच माणसाबद्दल मला तक्रार करायची आहे. ते माणूस म्हणजे 'एम्प्रेस' नावेची मालकीण, विधवा थर्झा हॅकेट. तेव्हा तिच्याविरुद्धची तक्रार तीच लिहून घेते आहे. बाई प्रामाणिक आहे, सांगितलेला एक शब्द गाळत नाही. फक्त मधूनमधून कंस काढून स्वतःचं काहीतरी घालते आणि काय घातलं ते वाचून दाखवत नाही. (सायलसबुवांनी कंस मोठ्यानं वाचावेत.)

तर झालं असं, की मंगळवारी सकाळी मी माझी नाव 'पेशन्स' कोळशानं काठोकाठ भरून भट्ट्यांकडे निघालो होतो. जलसेतू तुला माहीतच आहे. लोखंडी पन्हाळ, एका वेळी एकच नाव जाईल एवढी, आणि खाली साठ फुटांवर नदी, तिच्यात गुडघाभर पाण्यात उभ्या गाई. जरा धुकं होतं. काठावरून नाव ओढणारा माझा घोडा जनरल पुलाच्या मधल्या दगडापाशी पोचला आणि समोरून हिची घोडी प्रुडन्स त्याच क्षणी त्याच दगडापाशी पोचली. आजोबांच्या काळापासूनचा नियम असा, की ज्याच्या जनावराचं नाक मधल्या दगडापुढं आधी गेलं त्यानं पुढं जायचं, दुसऱ्यानं मागं सरायचं. आता नाकं दोन आणि दगड एक. मी म्हणालो, जनरलचं नाक आधी. ती म्हणाली, "तुमच्या घोड्याचं नाक तुमच्यासारखंच आहे, लांब म्हणून पुढं दिसतं!" ताई, आपल्या घराण्याच्या नाकाबद्दल आजवर कोणी असं बोललं नव्हतं. (दिसतंच आहे, बोलायला कशाला हवं.)

नाकाचा निकाल लागला नाही तर दुसरा नियम आहे: रिकाम्या नावेनं भरलेल्या नावेला वाट द्यायची. माझी नाव कोळशानं इतकी भरलेली, की पाणी कडेला चाटत होतं. हिची नाव मात्र पाण्यावर बदकासारखी तरंगत होती. मी विचारलं, "बाई, आत काय आहे?" तर म्हणे, हंसांची पिसं, उशांसाठी. आता पिसांची नाव वर तरंगणारच, त्यात तिचा काय दोष? पिसंही मालच. भरलेली म्हणजे भरलेली. तेव्हा दोघंही भरलेले, दोघांचीही नाकं बरोबरीची, आणि शेंडी तुटो की पारंबी, आपल्या टॉली घराण्यातला माणूस आजवर मागं सरलेला नाही. आजोबा एकदा सरले होते, पण ते झोपेत होते आणि वारा होता. तू म्हणशील, ही बाई हट्टी आहे. मी म्हणतो, हट्टी म्हणणं म्हणजे तिचं कौतुक झालं. (आभारी आहे.)

आज चौथा दिवस. माझ्या मागं चौदा नावा तुंबल्या आहेत, तिच्या मागं नऊ. खालच्या सातही लॉकांमध्ये एकेक नाव अडकून बसली आहे आणि तिथला लॉकवाला करमत नाही म्हणून दारांना पुन्हा पुन्हा तेल घालतो आहे. बुधवारी कालवा कंपनीचे एक साहेब उंच टोपी घालून चालत आले. त्यांनी आधी मला दटावलं, मग हिला दटावलं. मग दोघांना एकदमच दटावायचं म्हणून दोन्ही नावांच्या बरोबर मध्ये वाकून उभे राहिले, तेवढ्यात त्यांची टोपी नदीत पडली. ती एका गाईनं खाल्ली. (अर्धीच खाल्ली.) साहेब म्हणाले, "तुम्हा दोघांना कालव्यावरून हाकलून देईन!" हिनं शांतपणे विचारलं, "कुठल्या बाजूनं?" साहेबांनी एकदा पुढं पाहिलं, एकदा मागं. ते उघड्या डोक्यानं परत गेले. बाईच्या बोलण्याला धार आहे, हे मला कबूल केलं पाहिजे.

रोजचं चाललं आहे ते सांगतो. दोन्ही नावांची नाकं एकमेकांना लागलेली, त्यामुळं ती तिच्या नाकाडावर बसते आणि मी माझ्या. पहिल्या दिवशी आम्ही नुसते भांडलो. दुसऱ्या दिवशी तिच्या शेगडीवर डुकराचं मांस आणि वाटाणे शिजत होते. वास माझ्याकडं येत होता आणि माझ्याकडं नुसता पाव होता. तिनं थाळी पुढं सरकवली. मी ती खाल्ली. (तीनदा वाढून घेतली.) हा काही समेट नव्हता, शत्रूचा साठा कमी करणं होतं. तिसऱ्या दिवशी मी तिच्या नावेची गळती डांबर लावून बुजवली, कारण शत्रू बुडाला तर वाट कोण देणार? जनरल आणि प्रुडन्स मात्र पहिल्याच संध्याकाळी एकमेकांच्या मानेवर मान टाकून उभे राहिले. जनावरांना घराण्याची इज्जत नसते. मी दाढी केली आहे. (आज दोनदा.)

ताई, खरं सांगू? सव्वीस वर्षं या कालव्यावर नाव हाकतो आहे. चहा एकट्यानं केला, एकट्यानं प्यायलो. या चार दिवसांत कपात साखर किती हे मला कोणीतरी विचारलं. एवढंच. तक्रार संपली. मोठ्यांना नमस्कार, कोंबड्यांना दाणे.

तुझा भाऊ,
जेबेझ टॉली (त्यानं फुली मारली आहे ती त्याचीच.)

ता. क. चहाच्या डब्यात तू आईची अंगठी ठेवली आहेस ती सायलसबुवांच्या हाती लगेच पाठव. माझ्या एका मित्राला हवी आहे. मित्राचं नाव विचारू नकोस. लिहिणाऱ्या बाईला तर मुळीच कळता कामा नये. (मित्राचे कान लाल झाले आहेत.)

ता. क. २. बाईच्या बोटाचं माप मित्राला माहीत नाही. विचारलं तर तिला संशय येईल. अंदाजानं पाठव.

ता. क. ३. केझायाबाई, तुमचे भाऊ जनरलला पाणी पाजायला गेले आहेत, तेवढ्यात हे माझं. माझ्या नावेत एकही पीस नाही. बुधवारी पहाटे त्यांनी ताडपत्री उचलून आत पाहिलं. मी शेगडीपाशी जागीच होते. उडी मारून ते काठावर उतरले आणि कुरकुरणाऱ्या नऊही नाववाल्यांना ठणकावून म्हणाले, "बाईची नाव गळ्यापर्यंत पिसांनी भरली आहे, मी डोळ्यांनी पाहिली!" त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, मान पार लाल झाली होती. रिकामी नाव घेऊन जलसेतूवर शिरायचं नसतं हे मला माझ्या बापानं शिकवलं आहे. पण 'पेशन्स' दर मंगळवारी इथून जाते हेही मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. मी सोमवारपासून पुलाच्या तोंडाशी धुक्यात वाट पाहत उभी होते. रविवारी पाद्रीबुवा अडकलेल्या नाववाल्यांसाठी प्रार्थनेला पुलावर येणार आहेत, तोवर मी मागं सरणार नाही. नंतर सरेन, पण हे त्यांना आताच कळू देऊ नका. सोबत दोरा ठेवला आहे. गाठीपर्यंत माप आहे.