शिडाच्या कापडाचे तीन तुकडे

३ मार्च, गुरुवार
दुपारी कुरिअर. पुण्याहून, अवीच्या मित्रानं पाठवलेलं. आत कापडाचे तीन तुकडे, वीतभर रुंद, हातभर लांब. कोपऱ्यात पेनानं १, २, ३. चिठ्ठी नाही. मजकूर मोबाईलवर आला. "आई, होडीची दोन्ही शिडं संपली. उन्हानं पिठूळ झालीत. नवी शिवायला टाकायचीत. शिवणारा ही तीन कापडं दाखवतो आणि तिन्हींची तारीफ करतो. आठ-दहा वर्षं टिकेल असं कुठलं, ते अप्पांना विचार. मी विचारलं म्हणू नकोस. २० एप्रिलच्या आत सांगायचंय."
तीन वर्षं बाप-लेक बोलत नाहीत. विचारायची वेळ आली तर कापडाचं.
करमाडची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली तेव्हा ह्यांनी मोबदल्यातला पोराचा वाटा पोराला दिला. घर बांध, बायको आण म्हणाले. पोरानं होडी घेतली. दोन धडांची, मधे ओटा. तिथंच राहतो, तिथंच शिजवतो. सध्या मलेशियात बांधलीय. पुढं आफ्रिका म्हणतो. इथं नळाला सातव्या दिवशी पाणी, आणि आमचं लेकरू पाण्यावर.

४ मार्च
ह्यांना तुकडे दिले आणि खोटं बोलले. शेजारच्या वहिनींचा भाऊ मुंबई बंदरावर गाडी चालवतो, त्याला ताडपत्रीला कापड निवडून पाहिजे, असं. पूजेनंतर लगेच खोटं. तोंड कडू झालं.
चाळीस वर्षं मोंढ्याच्या बाजारात ताडपत्र्या शिवतात हे. कापड हातात आलं की माणूस वेगळाच. नखानं खरवडलं, कानाशी धरून चुरगाळलं, कडेचा धागा काढून पेटवला, वास घेतला.
"एक नंबर लई वाजतंय. वाजणारं कापड खळीचं असतं. धू त्याला."
ह्यात मला काय शिकवायचं. लुगड्याचं टोक धुतल्याशिवाय मी कधी दुकानदाराचं ऐकलं नाही. भांड्यांच्या विसळणात धुतलं, पन्नासदा चुरगाळलं. खळ गेली. राहिलं ते गाळणं.
१ नंबर बाद. तरी ऊन दाखवायचंच म्हणाले.

५ मार्च, शनिवार
दुकानाच्या पत्र्यावर तिन्हींच्या पट्ट्या ठोकल्या. अर्धी पट्टी उघडी, अर्धी विटेखाली झाकलेली. चाळीस दिवसांनी उघडी आणि झाकली, दोन्ही ओढून बघायच्या. ह्यांच्या उस्तादाची रीत. उस्ताद म्हणायचे, "कपड़ा दुकानदार का, फैसला धूप का." आजवर ह्यांनी कुणा गिऱ्हाइकाला ह्या रीतीशिवाय नवं कापड दिलं नाही. पाच ताडपत्र्यांचं काम हातचं गेलं, तरी नाही.
चाळीस दिवस म्हणजे १४ एप्रिल. मुदतीत बसतं.

१३ मार्च
सकाळी शहराला लागून असलेल्या सातारा गावच्या खंडोबाला गेले. सुखरूप पोचू दे, असं मागायला हवं होतं. मागितलं, परत येऊ दे.
संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, "पट्ट्यांवर रोज मिठाचं पाणी मारत जा. लोटाभर."
ट्रकच्या ताडपत्रीला मिठाचं पाणी कशाला? मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. आज खडेमीठ आणलं.

२१ मार्च
करमाडच्या जाऊबाई आल्या, दवाखान्याचं काम काढून. चहाला बसल्या आणि सुरू. "तुमचा अवी दर्यात डुंबतोय, आन् आमचा रात्रभर टँकरच्या रांगंत. कोण शहाणा म्हणावं, ताई?"
म्हटलं, तुमचा. तो घरी तरी येतो.
मग माझंच मला लागलं.
रोज दुकानाची शिडी चढते. गुडघा धरलाय. बाजूचा भांडीवाला हसतो, "काकू, पत्र्यावर मेथी लावली का?" ह्यांनी त्याला एवढंच सांगितलं की काम आहे.

८ एप्रिल, पाडवा
गुढीला जुनीच साडी. नैवेद्य दाखवून दुकानावर गेले. ३ नंबरचं सोंग उघडं पडलं. चकचकीत होतं, आत धाग्यांची जाळी, वरखाली पापुद्रे चिकटवलेले. अवीला तेच आवडलं होतं, वजनाला हलकं म्हणून. घडीच्या रेषेवर पापुद्रा सुटलाय आणि आत काळी बुरशी. बाहेरून अजून चकाकतंय.
२ नंबर जसंच्या तसं. दाट विणीचं, हाताला मऊ, जड. त्यात खळ नाही, सोंग नाही.
अवीचा निरोप, "काय म्हणतात?" लिहिलं, ऊन संपायचंय.

१४ एप्रिल, गुरुवार
पट्ट्या उतरवल्या. आज घडलं ते कसं लिहू कळत नाही, पण लिहिते.
१ नंबरची उघडी बाजू ओल्या कागदासारखी गेली. ३ नंबरचे पदर हातात आले. २ नंबर ह्यांनी ओढलं. झाकलं ओढलं, उघडं ओढलं. पायाखाली टोक धरून दोन्ही हातांनी ओढलं, मानेच्या शिरा फुगल्या. सूत हललं नाही. मग माझ्याकडे दिलं, "तू बघ." मी पण ओढलं. बोटं लाल झाली.
घडी घालून फळीवर ठेवलं आणि पाठ करून म्हणाले, "तिन्ही टाकाऊ."
"आन् दोन नंबर?"
"टाकाऊ म्हनलं ना. सांग त्या गाडीवाल्याला, यंदा निघू नको. घरी बस."
गाडीवाला कुठं निघालाय असं मी कधी बोलले नव्हते.
म्हणजे मिठाच्या पाण्यापासून, कदाचित पहिल्याच दिवसापासून, ह्यांना ठाऊक होतं. तरी चाळीस दिवस इमानानं ऊन दाखवलं. आणि आज, एक टाका ओढला गेला म्हणून गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन पैसे परत देणारा माणूस कापडाविषयी खोटं बोलला.
मी काय केलं ते पण लिहिते. घरी आले. देवघरात फोन नेला नाही. स्वयंपाकघरात उभ्यानं लिहिलं, "अप्पा म्हणतात तिन्ही टाकाऊ. यंदा थांब, घरी ये." पाठवलं.
अवी: "अप्पाच म्हणाले?"
"हो."
"मग नाही घेत."

१६ एप्रिल
अवीच्या खोलीतल्या गाद्या गच्चीवर टाकल्या. कपाट पुसलं. फुलंब्रीच्या एका मुलीचं स्थळ कानावर आलंय, बी.कॉम. आहे. हे आज दोन पोळ्या जास्त जेवले. आम्ही दोघं त्या विषयावर अक्षर बोललो नाही. चोरी पचल्यावर घर जसं गप्प असतं तसं.

१७ एप्रिल, एकादशी
उपास. आज पहिल्यांदा वाटलं, देव ऐकतो.

२० एप्रिल
अवीचा निरोप, सकाळी. उतरवून ठेवते.
"शिवणाऱ्याला नाही कळवलं. जुनीच शिडं डागडुजी करून निघतो. टाकाऊ नवं घेण्यापेक्षा ओळखीचं जुनं बरं, अप्पांनीच शिकवलंय. मेमध्ये निघालो नाही तर वारा चुकतो आणि वर्ष जातं."
पिठूळ झालेली शिडं. त्यानंच लिहिलं होतं.
ह्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार?

२२ एप्रिल
सांगितलं नाही. पाणी आलं, पंचवीस मिनिटं. भरलं.

२४ एप्रिल, रविवार
सांगितलं. हे दाढी करत होते. आरसा खाली ठेवला.
"जुन्या शिडांवर?"
"व्हय."
"आन् तू चार दिस गप?"
"तुम्ही तिन्ही टाकाऊ म्हणालात."
"मी म्हनलो. तुला नव्हतं दिसत? चाळीस वरसं माझ्याबरोबर काज घातलीस, कड्या ठोकल्यास. तुझ्या हातानं ओढलंस ना दोन नंबर?"
"ओढलं."
"मग?"
"मला वाटलं, येईल."
"मला काय येगळं वाटलं?"
अर्धी दाढी तशीच. ओट्यावर बसले. मग सगळं एका दमात सांगितलं, मी लिहून घेतलं. दोन नंबर. शिवण तिहेरी. दोरा उन्हानं आधी जातो, कापड मागून, म्हणून दोऱ्यावर काटकसर नको, न कुजणाराच घ्यावा. कोपऱ्यांना चार पदर. घडी दरवेळी एकाच रेषेवर घालायची नाही. वापरात नसेल तेव्हा झाकून ठेवायचं.
सगळं पाठवलं. खाली लिहिलं, आधीचं चुकीचं होतं.

२५ एप्रिल
अवी: "आई, आता काय उपयोग. शिवणाऱ्यानं दुसऱ्यांचं काम घेतलं. दोन महिने लागतील म्हणतो. वारा दोन महिने थांबत नाही."
मग थोड्या वेळानं: "खरं सांग. तिन्ही टाकाऊ हे कोण बोललं, अप्पा की तू?"
अप्पा, असं लिहिलं. खोडलं. मी, असं लिहिलं. खोडलं.
वाचलेलं त्याला दिसतं. उत्तर न दिलेलं पण दिसतं.

३ मे, एकादशी
फोन लागला. वाऱ्याचा आवाज, शब्द तुटत होते.
"रागावलास?"
"नाही गं."
"एक वर्ष थांब ना. तेवढ्यात नवी होतील."
"आई, एक वर्ष मागायचं होतं तर एक वर्ष मागायचंस. कापडाची निंदा कशाला केलीत?"
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"अप्पा कापडाविषयी खोटं बोलणार नाहीत, एवढी एक गोष्ट मी धरून होतो. बाकी कशात आमचं जमलं नाही. आता नाही विचारणार, बास."
आणि जेवलीस का विचारलं. एकादशी आहे म्हटलं. "हां, विसरलो."
हे दारात उभे होते. फोन पुढं केला. हात पुसत पुसत आत गेले.

९ मे, अक्षय तृतीया
पितरांसाठी माठ भरायचा असतो. पाऊण भरला, वर आंब्याचं पान टाकलं म्हणजे दिसत नाही. भटजींनी पाहिलं, बोलले नाहीत. सगळ्या गल्लीत तेच चाललंय.
बिडकीनहून लेक आली होती. आत जाऊन म्हणाली, "आई, दादाची खोली कुणासाठी लावलीस?" गाद्या परत गुंडाळल्या. तिला सगळं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं बाजू घेतली असती, आणि बाजू घेण्यासारखं कुणी नाही ह्यात.
माळ ओढताना आकडा चुकतो. १०८ चे कधी १०५ होतात, कधी जास्त. पहिल्यापासून धरते.

१४ मे, शनिवार
अवीचा निरोप पहाटेचा, मी सहाला पाहिला. "निघतोय. जुलैपर्यंत फोन लागणार नाही. काळजी करू नका." सोबत फोटो. ओट्यावर शीड पसरलंय, त्यावर हा मांडी घालून शिवतोय. दाढी वाढलीय. खाली लिहिलंय, "अप्पांना दाखवू नकोस."
लगेच लावला. बंद. परत लावला. दहादा लावला असेल.

१५ मे, रविवार
न राहवून दाखवला.
हे मोबाईल हातात घेत नाहीत, मला धरायला लावला. चष्मा पुसला. "मोठं कर. आजून." पोराच्या तोंडाकडे बघतील वाटलं. बघितलं ते ठिगळाकडे.
"टाका माझाच हाय," म्हणाले. बोटानं काचेवर शिवणीची रेघ काढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. फोटो सरकला, तो मी परत जागेवर आणला.
मग एकदम, "अरे, नव्या कापडाचं ठिगळ लावलंय ह्यानं. जुन्या शिडाला नवं ठिगळ लावत नाय कुणी. नवं धरून राहतं आन् शेजारचं जुनं फाडतं. जुन्यातलंच कापून लावायचं असतंय. सांग त्याला. आत्ता सांग."
"फोन लागत नाही."
"लिहून टाक."
लिहून टाकलं. गेलं नाही.
"परत टाक."
परत टाकलं.
"कधी लागंल?"
"जुलैत म्हणाला."
खिडकीशी उभे राहिले. खाली टँकरवाला हॉर्न वाजवत होता, बायका कळश्या घेऊन पळत होत्या. मी उठले नाही. त्यांनीही उठ म्हटलं नाही.
"आज तारीख किती?" म्हणाले.
सांगितली.