आतून मूठ नसलेलं दार

दि. ४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोन भिंतीवर आपटला, म्हणून कागद-पेन. आईला मात्र पाण्यात पडला असंच सांग. आणि दाजींना कळव, कॉलेज सोडलेला त्यांचा मेव्हणा चावीवाल्याच्या दुकानात टिकलाय.

औषधांच्या दुकानातली ती, जिच्याबद्दल तुला मागे सांगितलं होतं, ती खोलीची चावी करायला आली होती. तिच्या कीचेनला पत्र्याची इवलीशी पोरगी. विचारलं तर म्हणाली, जुन्या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतली यंत्रमुलगी आहे, कुणी बघत नाही हल्ली. एवढंच. पण काय आवाजात म्हणाली!

मी शोधून काढली ती मालिका, जुन्या डीव्हीडीवर. रोज एक भाग बघतो. काळोखी आणि इतकी संथ, की एका अख्ख्या भागात नुसता नळ ठिबकतो. एका इंजिनिअरला त्याची मुलगी सोडून जाते, म्हणून तो तिच्याच चेहऱ्याची यंत्रमुलगी बनवतो आणि खोलीत ठेवतो. रोज येतो, तिचा चेहरा पुसतो, दिवसभराचं सांगत बसतो. ती काही बोलत नाही, दाराकडे बघत राहते. ताई, असं प्रेम कुणी केलंय का गं?

आमच्या मालकांचा नियम आहे, बिघडलेली चावी गिऱ्हाइकासमोर पकडीत धरून मोडायची. तिच्यासाठी केलेली पहिली चावी बिघडली असं मी सांगितलं आणि दुसरी करून दिली. मालक चहाला गेले होते. पहिली माझ्या खिशातच राहिली. तशी ती बिघडलेली नाही.

लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

तुझा,
काडेपेटी

दि. १२ जुलै

चि. काडेपेटीस,
अ. उ. आ.

फोन पाण्यात पडला म्हटल्यावर आईने पुढे काही विचारलं नाही, हे तुझं नशीब. दाजी म्हणाले, टिकलास त्याचे पेढे दे.

काजं करता करता तुझी मालिका बघतेय. सहावा भाग संपला आणि शिलाई बाजूला ठेवली. अरे, त्या खोलीच्या दाराला आतून मूठ नाहीये. बाहेरून आहे, आतून नुसती फळी. म्हणून ती पोरगी तिकडे बघते. तुला दिसलं नाही?

तिने तुला नाही म्हटलं ना? फोन त्याच दिवशी फुटला असणार, उगाच नाही तुला काडेपेटी म्हणत. ती चावी आजच्या आज मालकांसमोर मोड आणि मला कळव. गंमत करत नाहीये मी.

लोभ आहे, म्हणूनच धाक आहे.

तुझी,
ताई

दि. १८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू कायम समोरच्याच्या बाजूची! हो, नाही म्हणाली ती. शिवाय दुकानात येऊ नकोस म्हणाली. मग नाही जात. तिच्या जिन्यासमोर चहाची टपरी आहे, तिथे बसतो. बसायला बंदी आहे का? पूर्वी तिची खिडकी उघडी असायची, हल्ली पडदा असतो. कुणीतरी कान भरले असणार तिचे.

तो इंजिनिअर कुणाचं काय वाईट करतो, सांग. नुसता बसतो. दोनच भाग उरलेत. शेवटी ती बोलणार, बघच तू.

रविवारी दुपारी ती कामावर असते. मी फक्त मालिकेची डीव्हीडी तिच्या टेबलावर ठेवून येणार आहे. कशाला हात लावणार नाही. तिला कळेल तरी, कुणीतरी बघतं म्हणून.

राग असला तरी तुझाच,
काडेपेटी

दि. २० जुलै, रविवार

चि. काडेपेटीस,

काल टपालाने आलेलं तुझं पत्र आत्ता हातात पडलं. तुझ्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकाकांकडे हे देतेय. तू गेला असशील तर ते तुला उशिरा मिळेल, म्हणून औषधांच्या दुकानात फोन केला. आज तिची सुट्टी आहे, घरीच आहे म्हणाले. मग तिचा नंबर घेतला आणि तिला सगळं सांगितलं, चावीचंसुद्धा. ती एवढंच म्हणाली, मला वाटलंच होतं.

शेवटचा भाग मी बघितलाय. ती बोलत नाही रे.

माझ्यावर हवं तेवढं चीड. तिच्या दाराशी जाऊ नकोस.

ताई

दि. २२ जुलै

ती. ताईस,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी जाऊन आलो होतो.

चावी लोण्यात फिरावी तशी फिरली. दार चार बोटं उघडलं आणि साखळीला अडलं. फटीतून दिसलं, दाराला टेबल लावलेलं, आणि त्यामागे ती. ओरडली नाही. फोन छातीशी धरून दाराकडे बघत होती. तशीच, ताई. अगदी तशीच.

डीव्हीडी हातातून खाली पडली. मग मी दार ओढून घेतलं आणि सवयीने बाहेरून चावी फिरवली. दोन पायऱ्या उतरल्यावर कळलं, मी तिला आत कोंडलंय. परत वर गेलो. कुलूप उघडताना आतून टेबल आणखी सरकवल्याचा आवाज आला.

मालकांना सगळं सांगितलं. चावी त्यांनीच मोडली. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. तिचं कुलूप बदलायला स्वतः गेले, नव्या चाव्या तिच्यासमोर केल्या. तिने पोलिसांत सांगायचं ठरवलं तर मी साक्षीला उभा राहीन म्हणाले. माझ्या नाही, तिच्या बाजूने.

शेवटचा भाग मी बघणार नाही. मला न्यायला ये. ती सांगेल तिथे जाऊन सगळं कबूल करायचंय, एकट्याने निघवत नाही. आलीस की दार वाजव आणि थांब. माझ्या दाराला आतून मूठ आहे, मीच उघडेन.

लोभ ठेवायचा की नाही, ते या वेळी तू ठरव.

काडेपेटी