तेलाच्या डब्यातला लाईट कोणाकडे जाईल

मी, भागीरथी दाजी नाखवा, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार वर्तकनगर, ठाणे, हे लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या वस्तूंवरून कोणी कोणाचं डोकं फोडू नये. गुडघे गेलेत, साखर वाढलीय, पण डोकं जागेवर आहे आणि कोण कधी काय बोललं ते सगळं आठवतं. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. वकील सुधीर यांनी धंद्याच्या जागी 'गृहिणी' असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. धंदा: फोटोचे लाईट बनवणे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि हेही केलं नसतं. घर, पैसा यांची वाट ठरलेलीच आहे. प्रश्न एकाच वस्तूचा आहे, तेलाच्या डब्यातल्या लाईटचा. तो कोणाला द्यायचा यावर मी सहा महिने झोप घालवली आहे.

कलम १. वर्तकनगरचा फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी माझा एकुलता एक मुलगा हितेश, राहणार डोंबिवली, याला मिळाव्यात. पोरगा वाईट नाही. दर पंधरा दिवसांनी येतो, पपई आणतो. पण दार उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "आई, हे भंगार कधी काढायचं?" ते भंगार म्हणजे मी हाताने बनवलेले लाईट. त्यांतला एकही त्याला देऊ नये. त्यालाही नकोच आहेत.

कलम २. माझे यजमान कै. दाजी यांचे कॅमेरे, शाली आणि छायाचित्रकारांच्या मंडळाने दिलेली ढाल माझा दीर गणू याला द्यावी. दाजींचा माजिवड्याला स्टुडिओ होता. फोटो ते काढायचे, उजेड माझा असायचा. बाजारातले लाईट आम्हाला परवडायचे नाहीत, म्हणून मी छत्रीचं काळं कापड बाहेरून आणि पांढरं अस्तर आतून घालून पेटीच्या आकाराचे पडदे शिवले. प्लंबरकडून उरलेले पाइप आणून स्टँड केले. रंगाच्या रिकाम्या बादलीत सिमेंट ओतून त्यांना पाय दिला. ढाल मिळाली त्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "दाजी, हे लाईट कुठून घेतलेत?" दाजी म्हणाले, "घरीच बनवले." मी तिसऱ्या रांगेत त्यांची पिशवी धरून बसले होते. तीस वर्षं माझं नाव 'घरी' होतं. गणू तर अजून 'दादांचा लाईट' म्हणतो. घे बाबा, तुझ्या दादाची ढाल तुला.

कलम ३. माळ्यावरचे थर्माकोलचे चार पत्रे सरळ टाकून द्यावेत. माझं माहेर कोळीवाड्यातलं, भाऊ मासळीच्या पेट्या द्यायचा. मी त्या सोड्याने धुऊन, उन्हात वाळवून, कापून चेहऱ्यावर उजेड फिरवायला वापरायची. एकदा हळदीच्या फोटोला नवरी म्हणाली, "वहिनी, बोंबलाचा वास येतोय हो." सगळा मांडव हसला. दाजीही हसले. ते हसायला नको होते.

कलम ४. शिवणाचं मशीन शेजारच्या तुळसाला द्यावं. ती ब्लाउज शिवते आणि मागितलेली कात्री वेळेवर परत करते.

कलम ५. आता तो लाईट. पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा, आतून चांदीचा रंग, तळाशी पाचशे वॅटचा हॅलोजन, पुढे बटर पेपर. सावळ्या माणसाला सावळंच ठेवून देखणं करणारा उजेड त्यातून पडतो. आमच्या लोकांचे चेहरे दुसरे स्टुडिओवाले पीठ फासल्यासारखे पांढरे करायचे, म्हणून माणसं माजिवड्याला यायची.

दक्षता ही गणूची मुलगी, वय सत्तावीस, राहणार शहाड. मोबाईलवर व्हिडिओ करून कमी खर्चात घरी लाईट कसे बनवायचे ते शिकवते. चार लाख लोक बघतात म्हणे. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे येऊन एकेक वस्तू शिकून गेली. छत्रीचं कापड, पाइप, सिमेंटची बादली, सगळं माझं. आणि पहिल्या व्हिडिओत काय म्हणाली? "ही आमच्या घरची जुनी आयडिया आहे, गाईज." पुन्हा घर!

माझ्या पोटात दुखलं. आडपडदा न ठेवता लिहिते, मला मत्सर वाटला. दाजींचा वाटायचा त्याहून जास्त, कारण दाजींना सुईत दोरा ओवता येत नव्हता. हिला सगळं येतं. हिची टीप माझ्याहून सरळ. माझ्या पोटच्या पोराला जे भंगार वाटतं, त्यासाठी ही शहाडहून दोन गाड्या बदलून यायची. अशी पोर देवाने द्यायची ती गणूला दिली! तिचा एकेक व्हिडिओ मी तीन-तीनदा बघायची आणि तिची चूक शोधायची. सापडायची नाही.

गेल्या वर्षी गौरींच्या आधी ती हा डबा शिकायला आली. उलटा-पालटा करून बघितला.

"काकी, वरच्या अंगाला एवढी भोकं कशाला पाडलेली गं?"

मी म्हटलं, "खिळ्यांची आहेत ती. जुना डबा. तू नको पाडूस, उजेड गळतो."

"आणि पेपर असा लांब, तारेवर का?"

"तेव्हा चांगली चिकटपट्टी कुठे होती? तू तोंडावरच चिकटव."

दोन्ही खोटं. भोकं मी स्वतः हातोडीने पाडली होती, आधी दोन डबे करपवून. हॅलोजन तव्यासारखा तापतो, ती वाफ कुठून तरी जायला हवी. मला वाटलं, कागद काळा पडेल, धूर होईल, चार लाखांसमोर तिचं हसं होईल. तेवढंच हवं होतं मला. आगीचा विचार केला नाही असं म्हणायला मला तोंड नाही, कारण तो डबा किती तापतो हे माझ्याशिवाय कोणाला माहीत होतं?

तिने मी सांगितला तसा डबा बनवला आणि मोबाईलवर लोक बघत असतानाच लावला. कागदाने पेट घेतला. मागे पडदा होता, म्हणून तिने तापलेला डबा उजव्या हाताने धरून ओढला. तळवा आणि तीन बोटं भाजली. महिनाभर पट्टी होती. करंगळी अजून सरळ होत नाही, कात्री धरताना कळ येते.

पट्टी बांधलेल्या हाताने तिने पुढचा व्हिडिओ केला. "चूक माझी आहे, गाईज. माझ्या भागीरथी काकींनी मला नीट सांगितलेलं, मीच घाई केलेली. हा लाईट त्यांनी बनवलेला आहे. त्यांना कुणी काही बोलू नका." चार माणसांत माझं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं ते असं. ती खरंच तसं समजते की मला झाकते, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी सुरमईचं कालवण घेऊन शहाडला गेले, तिच्या हातावर फुंकर घातली, जावेने "पोरीचं नशीब हो" म्हटलं त्यावर मान डोलावली, आणि रिक्षात बसून रडले.

तर तेलाच्या डब्यातला लाईट दक्षताला द्यावा. वर आठ भोकं, खाली चार. कागद तोंडापासून वीतभर पुढे, तारेच्या चौकटीवर. हे तिने लोकांनाही सांगावं, कारण ते खोटं तिच्या तोंडून चार लाखांकडे गेलं आहे. 'दर वेळी माझं नाव घ्यावं' अशी अट मी आधी घातली होती. ती खोडली आहे.

कलम ६. कच्चा मसुदा वाचून सुधीर वकील म्हणाले, "काकू, पाचवं कलम एवढं लांब कशाला? हे उघडणार तुम्ही गेल्यावर." त्यांनी मला बरोबर पकडलं होतं. मला तेच हवं होतं, मी गेल्यावर तिला कळावं आणि तिचा चेहरा मला बघावा लागू नये.

म्हणून येत्या रविवारी मी दक्षताला बोलावलं आहे. पाचवं कलम तिला मी स्वतः वाचून दाखवणार आहे. पण मी मला चांगली ओळखते. रविवार पुढे ढकलायला मला कारणं कमी पडायची नाहीत. तेव्हा हितेश, हे तुझ्यासाठी. हे कागद वाचशील तेव्हा दक्षताला समोर बसव आणि पाचव्या कलमाला तिच्या तोंडाकडे बघ. तिला आधीच माहीत असेल, तर माझा फोटो भिंतीवर लाव. ती पहिल्यांदा ऐकत असेल, तर लावू नकोस.

वरील सर्व मी वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली आहे.

भागीरथी दाजी नाखवा

आमच्या समक्ष सही झाली. त्या वेळी बाई शांत होत्या, चष्मा लावून होत्या.

साक्षीदार १: सुधीर मोरेकर, वकील, ठाणे
साक्षीदार २: दौलत साळवी, सेक्रेटरी, आमची सोसायटी, वर्तकनगर

ठिकाण: ठाणे
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५, बुधवार