आधी बाहेर, मग चौकशी

सोमवार

पोरी, कशी आहेस? कंबर दुखायची थांबली का? जावईबापूंचा खोकला काय म्हणतो? धाकटीला दात आले की अजून नुसती लाळच? तुझ्या आईच्या अंगात थोडी कणकण आहे, पण इथल्या स्वयंपाकघराला नावं ठेवण्याइतका जोर आहे. ही रोजनिशी शेवटी तुलाच पाठवणार, म्हणून पत्रासारखी लिहितोय.

नोकरी झकास. खाली ऑफिस, त्याच्या दाराशी आल्यागेल्याची चौकशी करणारा काउंटर, वर आमच्या दोन खोल्या. रुग्णालयासाठी ॲप करायचंय. नातेवाइकांनी घरबसल्या आपल्या माणसाची तब्येत बघावी. ब्राउझरमध्ये हे ॲप घरासारखं एकदाच अख्खं येतं, मग आतल्या आत खोल्या बदलाव्यात तशी पानं बदलतात. प्रत्येक खोलीच्या दारात पहारा बसवायचं काम माझं. ज्यानं लॉगिन केलेलं नाही, त्याला आल्या पावली लॉगिनच्या पानावर धाडायचं. साठीनंतर एकट्यानं धडपडत हे काम शिकलेल्या म्हाताऱ्याला आणखी काय हवं?

मंगळवार

डोकं उठलंय. पहारा चालतो, पण परक्याला हाकलण्याआधी आतलं पान क्षणभर दिसतंच. ओळख पटल्याचं उत्तर सर्व्हरकडून यायला वेळ लागतो, तोवर दार सताड उघडं. साहेब म्हणाले, काका, तुमचा पहारेकरी डुलक्या काढतो वाटतं. लागलं मनाला. रागाच्या भरात उत्तराची वाट बघणंच काढून टाकलं. आधी बाहेर, मग चौकशी. ओळखीचा असो की परका, सगळ्या दारांना एकच नियम, अपवाद नाही.

झालं काय, ती मेली झलक राहिलीच, वर स्क्रीन पांढरी पडून गरगरायला लागली. शेजारी बसून पानांची सजावट करणारी पोरगी पोट धरून हसली. म्हणे, काका, लॉगिनच्या पानावरही पहारा बसवलात, ते बिचारं स्वतःलाच स्वतःकडे पाठवतंय. एवढा अपवाद उद्या घालतो.

बुधवार

सकाळी कामाच्या खोलीचं दार ढकललं. माझं टेबल दिसलं, माझा कप, सजावटवाली मान खाली घालून बसलेली. आणि पुढच्या क्षणी मी बाहेर प्रवेशाच्या काउंटरपाशी उभा. म्हटलं, वय झालं, वाट चुकलो. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. काउंटरवालीनं विचारलं, कोणाकडे आलात? नाव ओठांवर येईपर्यंत तिनं मान वळवलेली. दिवसभर नुसत्या खेपा. पहारा ज्यावर दुरुस्त करायचा ते मशीन आत आणि मी बाहेर, काय करणार कपाळ? सजावटवालीला फोन लावला. कोण काका, म्हणाली, आणि मी सांगायच्या आत ठेवून दिला.

घरचं दार तेवढं नीट उघडलं.

गुरुवार

तुझ्या आईला सणकून ताप भरलाय. धावत जाऊन गोळ्या आणल्या. दार उघडलं तर ती पलंगावर, माझ्याकडे बघून हात पुढे केला—

काउंटर.

जिना चढलो. दार. हात. काउंटर. उंबऱ्यातूनच गोळ्या फेकाव्यात म्हटलं, तर फेकायच्या आत— माझाच नियम हा. मीच घासूनपुसून चोख केलेला. संताप असा की त्या दाराला लाथ घालावी. लाथही पोचत नाही.

शुक्रवार

दार. ती. तोंड कोरडं पडलंय तिचं. आता हात पुढे करत नाही. नुसती बघते, कोण हा म्हणून—

काउंटर. काउंटरवालीही दिसत नाही.

गोळ्या मुठीत ओल्या झाल्यात.

शनिवार

जिना नाही. काउंटरच्या दारातून बाहेर पडलो की काउंटरच. मागे वळलो की— काउंटरच. भिंती पांढऱ्या, गरगरतंय सगळं. लॉगिनच्या पानाचा तो अपवाद घालायचा राहिला—

पोरी, आई वर एकटी आहे. ताप— गोळ्या माझ्याकडे— तू तरी कळव या ऑफिसवाल्यांना मी कोण ते. उत्तराची वाट बघणं मीच काढून टाकलंय, कळतंय मला. तरी उत्तर लवकर लि—