वरून आलेला भाव

मी, खाली सही करणारी, बटाट्याच्या बाजारात अक्का म्हणून ओळखली जाणारी, वय एकाहत्तर, धंदा अडत, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लेखनिकांकडून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. राज्यकारभार कोणाच्या हाती आहे हे विचारले, तेही सांगितले आणि त्यावरचे माझे मतही ऐकवले. ते त्यांनी दाखल्यात घेतलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसा कागद कोणी, विशेषतः धाकट्या भावजींनी, पुढे आणला तर तो खोटा समजावा.

कलम एक. बाजारामागच्या गल्लीतले राहते घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, माझ्या बहिणीच्या मुलीला द्यावे. मला मूलबाळ नाही. ही भाची लहानपणापासून माझ्याकडेच वाढली, भांडली आणि धंदा शिकली. घराला पुढून ओल येते. ती मी कधी दुरुस्त केली नाही, कारण आमचे हे म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." आता तिने बघावे.

कलम दोन. आमच्या ह्यांचा कोट आणि ज्यावर उभे राहून ते लिलाव पुकारायचे ती लाकडी पेटी यांबद्दल. कोट कोणालाही द्यावा. पेटी मात्र जाळून टाकावी. हे ऐकून लोक नावे ठेवतील, म्हणून कारण सांगते.

आमच्या बाजारात रोज सकाळी पहिला भाव 'वरून' यायचा. ही नुसती म्हण नव्हे. कोपऱ्यावरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याची पेढी होती. सगळे त्यांना वरचे शेठ म्हणत. लिलावाआधी ते आमच्या गाळ्यावर फोन करून एक आकडा सांगत आणि ठेवून देत. आमचे हे पेटीवर चढून तो आकडा पुकारत आणि तिथून बोली सुरू होई. दुपारपर्यंत तो शहरातल्या भाजीवाल्यांकडे आणि त्याची बातमी संध्याकाळी खेड्यांतल्या शेतांवर पोचे. शेठना हे कळते कसे, असे कोणी विचारले नाही. पाऊस कुठून येतो हे तरी आपण रोज कुठे विचारतो?

ज्या वर्षाबद्दल सांगते आहे त्या वर्षी पीक बख्खळ आले होते. भावजींच्या आणि आमच्या भागीतले शीतगृह दारापर्यंत भरले होते. तरीही भाव रोज चढत होता. आज चढला की उद्या उतरेल असे वाटायचे, पण उद्या तो आणखी वर असायचा.

इस्पितळाच्या भटारखान्यातली स्वयंपाकीण आमची जुनी गिऱ्हाईक. ती एकदा गोणीवर टेकली आणि म्हणाली, "अक्का, परवा पातेल्यात पाणी वाढवलं. काल आणखी वाढवलं. आजारी माणसं ताटाकडे बघत नाहीत हो, माझ्याकडे बघतात."

ते माझ्या मनातून जाईना. मी कोपऱ्यावरच्या भाजीवालीला विचारले, भाव का चढवलास. ती म्हणाली, "मी कुठे चढवते? तुमच्याकडूनच महाग येतो." भावजींना विचारले. ते म्हणाले, "वहिनी, चढत्या भावात माल कोण काढतो? वरून इशारा आला की काढू." घरी ह्यांना विचारले तर म्हणाले, "अगं, मी नुसता पुकारतो." जो तो पुढच्याकडे बोट दाखवत होता. मी म्हटले, चला, वर जाऊन विचारू.

लिलाव आटोपल्यावर, लख्ख उन्हात, आम्ही दोघे तो जिना चढलो. पेढीचे दार उघडे होते. शेठची सून आत झाडत होती. खोलीत गादी नव्हती, तक्क्या नव्हता.

"मामंजी?" ती म्हणाली. "ते तर हंगामाआधीच गेले. परगावी होते, तिकडेच सगळं उरकलं. बाजारात कोणी कळवलं नाही का?"

आमचे हे म्हणाले, "मी आज सकाळीच बोललो त्यांच्याशी."

तिने केरसुणी खाली ठेवली आणि कोपऱ्याकडे बोट दाखवले. फोन वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता, तार त्याच्याभोवती आवळलेली. "तो तेव्हाच बंद केला. कुणासाठी ठेवायचा?"

खाली उतरताना मी ह्यांना विचारले, फोनवर ते काय बोलतात. हे जिन्यातच थांबले. म्हणाले, "आकडा. आवाज त्यांचाच असतो. कसे आहात म्हणून मी कधी विचारलं नाही. तूही नाही."

दुसऱ्या सकाळी मी बजावले, फोन उचलायचा नाही. तो वाजला, खूप वाजला आणि थांबला. हे पेटीवर चढले. काय पुकारावे हे त्यांना माहीत नव्हते, ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होते. त्यांनी तोंड उघडले आणि आकडा बाहेर आला. कालच्यापेक्षा चढा, आणि शेठच्या आवाजात.

मी आजूबाजूला पाहिले. एवढे व्यापारी, एवढे हमाल, पण एकानेही मान वर केली नाही. भाव निघाला एवढे त्यांना पुरे होते.

त्यानंतर फोन कधीच वाजला नाही. त्याची गरज उरली नव्हती. हळूहळू ह्यांचे बाकीचे बोलणे आटले. पाणी हवे का विचारले तर आकडा. बरे वाटत नाही का विचारले तर आकडा, आदल्यापेक्षा मोठा. डोळे मात्र त्यांचेच होते आणि ते माझ्यावरून हलत नसत. खिडकीतून बुडणारा माणूस बघावा तसे मी ते डोळे बघत असे. एका दुपारी जेवताना त्यांनी माझे मनगट धरले, घामाघूम झाले आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, "माल काढ."

कलम तीन. शीतगृहातली माझी अर्धी भागी. मी त्याच दुपारी भावजींकडे गेले. म्हटले, तुमचा भाऊ जातोय, माल काढा. ते म्हणाले, "दादाला डॉक्टरकडे न्या वहिनी. आणि आठवडाभर कळ काढा, सोनं होईल." आठवड्यात मी विधवा झाले असते, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. मी माझ्या वाटणीच्या खोल्या उघडल्या. ते फाटकात दोन्ही हात पसरून उभे राहिले. हमाल त्यांना वळसा घालून गोणी नेत राहिले. त्यांच्याही घरी बटाटा लागत होताच की. त्या प्रसंगाचा एकाने काढलेला फोटो माझ्याकडे आहे. तो धाकट्या भावजींना द्यावा. त्यांना दुसरे काहीही देऊ नये.

सकाळी गाडीमागे गाडी लागली. मी ह्यांचा हात धरून त्यांना पेटीवरून खाली उतरवले, गोणीवर बसवले आणि स्वतः चढले. माल बघितला आणि मला जो भाव रास्त वाटला तो पुकारला. या वेळी सगळ्यांनी माना वर केल्या. मग मागून कोणीतरी म्हणाले, "घेतला." आणि धरण फुटावे तसा भाव कोसळला.

माझ्या मागून आवाज आला, "अगं, तहान लागलीय."

तो आवाज ह्यांचा होता. ते तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. पुढे आणखी दोन वर्षे ते जगले, पुष्कळ बडबडले आणि बाजारात पाऊल टाकले नाही.

गोष्ट इथेच संपली असती तर ही भागी मी भाचीला दिली असती. पण भाव बाजारात सकाळी पडला आणि संध्याकाळी शेतांवर पोचला. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे यायला मात्र त्याला महिना लागला. "महागाचा माल आधी संपू दे की," ती म्हणाली. इस्पितळातले पातेले महिनाभर पातळच राहिले. चढताना भाव घोड्यावर बसून येतो आणि उतरताना मुंगीच्या पावलांनी. फक्त शेताकडे जाताना त्याची चाल उलटी असते.

उशिराचे पीक घेऊन एक शेतकरीण स्वतः ट्रॅक्टर चालवत आली होती. तो भाव ऐकून ती खाली उतरली नाही. वरूनच म्हणाली, "अक्का, चढला तेव्हा माझ्याकडे आला नाही. पडल्यावर त्याला माझं शेत कसं सापडलं?"

तिला काय सांगणार? म्हणून शीतगृहातल्या माझ्या वाटणीच्या सर्व खोल्या त्या ट्रॅक्टरवाल्या बाईला आणि तिच्या गावच्या बटाटा पिकवणाऱ्यांना द्याव्यात. माल कधी ठेवायचा आणि कधी काढायचा, ते त्यांचे त्यांनी ठरवावे. भावजी कोर्टात जातील. जाऊ देत, तेवढेच त्यांचे चालणे होईल.

कलम चार. गाळा आणि परवाना भाचीला द्यावा. गेले वर्षभर तीच गाळा बघते आहे. अट एकच. भाव कोणी ठरवला असे विचारले तर तिने "मी" म्हणावे. "वरून आला" असे म्हटल्याचे सिद्ध झाल्यास गाळा विकून टाकावा.

कलम पाच. बँकेतली उरलेली सर्व रक्कम इस्पितळाच्या भटारखान्याला द्यावी.

या ओळीत 'सर्व' शब्दापुढे एक आकडा लिहिला गेला होता. तो खोडून शेजारी मी सही केली आहे. खोडण्याचे कारण नोंदवणे भाग आहे. लेखनिक म्हणतात, "अक्का, तुम्हीच सांगितलात, चांगला मोठ्याने." मी सांगितलेला नाही. साक्षीला बसलेल्या दोघांकडे मी पाहिले. दोघांनी नजर खाली वळवली.

मी भाचीला फोन लावला आणि आज बाजार कितीवर निघाला ते विचारले. ती म्हणाली, "मावशी, निघालाच नाही अजून. सगळे नुसते उभे आहेत. कशाची वाट बघतायत कळत नाही."

आकडा माझ्या जिभेवर होता. तो किती जड असतो ते मला आज कळले, आणि ह्यांनी ते कसे सोसले असेल तेही. मी दात आवळून धरले. मग म्हणाले, "गोणीत हात घाल. माल बघ. आणि तूच सांग."

पलीकडे गोणीचे तोंड सोडल्याचा आवाज आला. मग तिने भाव पुकारला. आकडा वेगळा होता. आवाज तिचा होता.

येथवरचा मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. खोडलेला आकडा साक्षीदारांनी व लेखनिकांनी कोणालाही सांगू नये.

सही: अक्का

आमच्यासमक्ष सही केली. आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही.
साक्षीदार: डॉक्टर (सही)
साक्षीदार: शेजारचे इस्त्रीवाले (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च, सकाळ