डबे सोडून डोंगरावर

पार्सिपनी, न्यू जर्सी,
मार्च २००६

प्रिय अवधूत,

"तू आपली डबे सांभाळ, गिरिजा, तुला ते छान जमतं." आपण सगळे पहिल्यांदा पेनसिल्व्हेनियातल्या त्या डोंगरावर स्कीइंगला गेलो, तेव्हा तू असं म्हणाला होतास. मला राग आला नव्हता. खरंच जमायचं ते मला. बाहेरचं खाणं आणू नये अशी पाटी लावलेल्या लॉजमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरायचं, डब्यांच्या पिशव्यांवर जॅकेटं टाकायची आणि बर्फातून कोणी भुकेजून आलं की कॉफीच्या कपात साबुदाण्याची खिचडी घालून पुढे करायची. तू तो कप दोन्ही हातांत धरून वर फुंकर घालायचास आणि आम्ही हसून बेजार व्हायचो.

रविवारी फोनवर तू ग्रीन कार्ड आल्याचं सांगितलंस. पाच वर्षं त्याची वाट पाहिली आपण. नोकरी बदलली असतीस तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून, म्हणून तू तिकडे टेक्सासात, शुगर लँडला. देवयानीची शाळा आणि माझी नोकरी, म्हणून आम्ही दोघी इकडे. मी आनंदाने काही बोलणार, तेवढ्यात तू पुढचं सांगितलंस. मोठी पोस्ट देतायत, आणखी दोन वर्षं तिथेच, आणि तुला माझा होकार हवा आहे. विचार करून सांगते म्हणाले. फोनवर तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आधी त्या स्कीइंगच्या दिवसाबद्दल सांगते. तेव्हा तुला अर्धंच सांगितलं होतं.

यंदा राजीवच्या कांचनने मला टेबलाशी बसूच दिलं नाही. खिचडी काही पळून जात नाही, ऊठ, म्हणाली. राजीवने भाड्याचे बूट बायकोच्या आणि माझ्या पायांत चढवून दिले आणि, आता तुम्ही जाणे नि तुमचा देव जाणे, असं म्हणून मोठ्या मुलांबरोबर निघून गेला. सकाळभर आम्ही दोघी लहान मुलांच्या उतारावर आळीपाळीने पडत होतो. पाच-सहा वर्षांची पोरं बाजूने सुळकन निघून जायची आणि वळून आमच्याकडे बघायची. दुपारी हिंमत करून खुर्चीच्या लिफ्टने वर गेलो. पाय अधांतरी, खाली बर्फ लागलेली झाडं आणि इतकी शांतता, की कोणाच्या तरी जॅकेटची चेन ओढल्याचा आवाज ऐकू यावा. कांचन डोळे मिटून देवाचं नाव घेत होती, मधूनच राजीवला शिव्या घालत होती. आणि मग मी तो उतार एकदाही न पडता उतरले, अवधूत. वाकडीतिकडी, पण अख्खा उतरले. खाली येईपर्यंत ओरडत होते म्हणे. इतकी खूश मी कितीतरी दिवसांत झाले नव्हते. खरं सांगू? त्या सबंध उतारावर मला तुझी आठवण आली नाही. हे नंतर लक्षात आलं आणि माझीच मला भीती वाटली.

त्याच सुमारास पलीकडच्या उतारावर देवयानी पडली. हात अंगाखाली आला आणि मनगट मोडलं. तिथल्या मदतीच्या माणसांनी तिला खाली आणलं. तिने मला आपल्या टेबलाशी शोधायला सांगितलं. आई तिथेच असते, दर वर्षी असते. टेबलाशी नुसती जॅकेटं होती. मग आणखी कोणाला बोलवायचं, असं त्यांनी विचारलं आणि तिने राजीवचा नंबर सांगितला. तोंडपाठ. मी धापा टाकत पोचले तेव्हा राजीव तिच्या बुटांची बकलं सोडवत होता आणि तिथला माणूस त्याला तिचे वडील समजून हात कसा धरायचा, कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं ते समजावत होता. राजीवने त्याची चूक दुरुस्त केली नाही. देवयानीनेही नाही.

हॉस्पिटलमध्ये राजीव म्हणाला, "वहिनी, अवधूतला आजच्या आज कळवा. माझ्याकडून कळलं तर बरं दिसणार नाही." मी हो म्हणाले. संध्याकाळी घरी आलो आणि नेहमीसारखा तुझा फोन आला. मी उठायच्या आत तिने उचलला, बिनप्लास्टरच्या हाताने. "इट वॉज ऑसम, बाबा!" तू बहुतेक पडलीस का म्हणून विचारलंस, कारण ती हसून म्हणाली, सगळेच पडतात. मग फोन माझ्याकडे आला आणि मीही मजा आली एवढंच म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी तिला रागावले. बाबांशी खोटं का बोललीस? तर म्हणाली, "ही लाइव्ह्ज इन टेक्सास, आई. तो काय करणार?" आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी समजूत काढली असती.

दुसऱ्या दिवशी तुला सांगता आलं असतं. त्यानंतरही रोज आपण बोललोच आहोत. महिना होत आला, तुमची रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद ठेवायची, त्या शटडाउनची तयारी म्हणून तुझं येणं झालं नाही आणि माझं सांगणं राहत गेलं. तिच्यासाठी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत होते. तसं नाही. सांगितलं असतं आणि तरी तू आला नसतास, तर ते मला सोसलं नसतं. न सांगून मी तेवढं टाळलं.

तुला दोन वर्षांचं उत्तर हवं आहे. ते मी आज देत नाही, अठ्ठावीस तारखेनंतर देईन. त्या दिवशी, मंगळवारी, देवयानीचं प्लास्टर काढायचं आहे. प्लास्टर काढणं म्हणजे काही मोठं नाही, दहा मिनिटांचं काम, मी एकटी तिला सहज नेऊ शकते. तुझा शटडाउन नेमका त्याच आठवड्यात आहे आणि नव्या पोस्टच्या तोंडावर तुला रजा मागणं किती अवघड आहे, हेही मला कळतं. शनिवारी येतो म्हणशील. तिला उगाच आस लागायला नको, म्हणून तिच्याजवळ यातलं काही बोललेले नाही. तरी मागते. शनिवारी नको, मंगळवारीच ये.

अजूनही तुझीच,
गिरिजा