बारीक हाताचं काम

आंबागड
मंगळवार, १९ नोव्हेंबर

चि. खुशबू हिले मनकर्णा आजीचा आशीर्वाद. वर आधी सौ. लिहून खोडलं आहे. हाताची जुनी सवय, मनाले लावून घेऊ नको. इकडं समदे मजेत. धान कापून झालं. तुझ्या गुड्डीचा खोकला गेला.

तं आता ऐक, जीपमधून सगळ्यात आधी कोण उतरलं असंल? पोरगीच! बाप मागं, मामा मागं, अन् पोरगी चपला वाजवत पुढं. आमच्या टायमाले पोराकडचे पोरीले पाहाले जात, अन् पोरगी मान वर करत नव्हती. ही कामिनी सानगडीहून स्वतः पोराचं घर पाहाले आली. मी म्हटलं, "माय वो, तूच नवरी, का नवरीची करवली?" तं हासली. म्हणे, "आजी, आधी गाडी दाखवा, मंग घर पाहू." मले तं तिथंच पसंत पडली.

तू म्हणशील, आजी हे कोणत्या पाहुण्याचं सांगून राहिली. सांगते, सबुरीनं सांगते. फोनवर तू मले बोलूच देत नाहीस. हॅलो म्हटलं का तुझं एकच, "आजी, मले घ्याले कवा येता? गुड्डी जेवते का? भुपेंद्र भाऊजी गाडी घेऊन येतो म्हणले होते." अन् मंग रडणं. रडणाऱ्याशी माणसानं काय बोलावं? म्हणून चिठ्ठी. चिठ्ठीले मधात तोंड घालता येत नाही. दुसरी पास बाई आहे मी, अक्षर पाहून हासू नको. आपला नत्थू मासोळी आणाले तुमच्या धरणाकडं येऊन राहिला, त्याच्याच हाती देते.

तं गाडी. पाहुणे आंगणात आले अन् चहा राहिला बाजूले, समदे गाडीभोवती. पोरीचा बाप मधुकरराव, जाडजूड माणूस, धोतरवाला नाही, फुलपँटवाला. त्यानं विचारलं, "खेड्यात ही रेसची गाडी कुठून आली जी?" मंग मीच सारी कथा सांगितली. का माझा मोठा नातू धनंजय पुण्याले गॅरेजात होता. पुरात बुडालेली ही दोन दारांची लाल गाडी मालकानं टाकून दिली, ती यानं ट्रकवर चढवून गावात आणली. सारं गाव हासलं. बसाले दोघं, धानाचं पोतं मावत नाही, अन् पोट असं जमिनीले टेकलेलं का कोंबडीही खालून जात नाही. मंग धनंजयले ताप आला, ताप डोक्यात चढला, अन् तो गेला. गाडी राहिली. मी डोळ्याले पदर लावला, पाहुण्यानं च् च् केलं, अन् मंग समदे वापस गाडीकडं पाहू लागले. चांगली गोष्ट सांगता आली म्हणून मले बरं वाटलं.

अन् गाडी चमकत होती ना बाई! तू पोळ्याले माहेरी गेलीस तवा कशी होती, अन् आता काय झाली. दिवाळीपासून आपला भुपेंद्र तिच्यातच घुसला होता. सामनेचे दिवे पिवळे पडले होते ना म्हाताऱ्याच्या डोळ्यावाणी, ते टूथपेस्ट लावून घासले. आता असे लख्ख का तोंड पाहून कुंकू लावावं. बॅटरीच्या टोकावर पांढरा फुलोरा आला होता, तो खायच्या सोड्यानं धुतला. माझा भज्यांचा सोडा नेला मेल्यानं, दिवाळीची भजी दगडासारखी झाली. ब्रेकपॅड का काय ते नवीन घातले. हवेची जाळी काढून झटकली तं त्यातून मूठभर धानाचा कोंडा निघाला. मंग बोडीच्या पाण्यावर नेऊन पोळ्याच्या बैलावाणी धुतली अन् आतल्या काळ्या फळीले जवसाचं तेल चोपडलं. त्या तेलावर दुसऱ्या दिवशी धूळ बसली, तं पुन्हा पुसत बसला. मी म्हटलं, "कारे, गाडीले न्हाऊ घालून राहिला का बाळंतिणीले?" तं नुसता हासला.

मले कोडं पडलं, का एवढं कायले? मंग तुझ्या सासऱ्यानंच सांगितलं. म्हणे, "बाई, गाडी पक्की झाली का भुपेंद्र खुशबूले घ्याले जाणार आहे. तिले गाडीतच आणीन म्हणते."

असं का? मी दुसऱ्याच दिवशी सानगडीले निरोप धाडला.

आता तू तोंड वाकडं करशील. म्हणशील धनंजयच्या तेरवीले मामंजीनं पंचायच्या सामने शब्द दिला होता, का वरीस पालटलं का भुपेंद्रसंग पाट लावून देऊ, सून घरातच राहील, लेकरू घरातच राहील. होय, दिला होता. मारोत माझाच लेक आहे, त्याचा शब्द मी ऐकला. पण मारोत रडत होता तवा. रडणारा माणूस सारं गाव देऊन टाकते. माझा शब्द त्यात नव्हता, तू आठवून पाहाय. मी पत्रावळी मोजून राहिली होती.

अन् खरं सांगू, मले तवापासूनच रुचलं नव्हतं. तुम्ही दोघं जॅक लावून गाडीखाली निजून काम करत, अन् बाहेर चार पाय दिसत. दोन त्याचे, दोन तुझे, तुझ्या पायाले ऑइल. आतून हासण्याचा आवाज येई. गावाले त्यात चांगलं दिसे, म्हणत, "मनकर्णाबाई, तुमचा नातू वहिनीले सुखात ठेवील." मले चांगलं नाही दिसलं. एका नातवाची राख वैनगंगेत सोडून आलेली मी बाई. लोक तुझ्या पायगुणाचं बोलतात ते मी म्हणत नाही. लोक म्हणतात, मी ऐकते.

बरं, ते जाऊ दे. मजा तं पुढंच आहे.

मधुकरराव म्हणे, "चालू करून दाखवा." भुपेंद्रनं चावी फिरवली. गाडी खोकलली, दोनदा हुंकारली, अन् बंद! पाहुण्यात मामा होता ना, लांब मानेचा, तो म्हणे, "नवरदेवाचंही असंच आहे का?" समदे हासले.  भुपेंद्रनं बोनट उघडला. तेच जुनं दुखणं, इंजनाच्या मागं हवेचा पाइप आहे, त्याची क्लिप ढिली झाली. तिथं याचा पंजा जात नाही, तुले माहीतच आहे. तू होतीस तवा तुझा हात सुळकन् जाई. तू गेल्यावर यानं सायकलच्या तारेचा आकडा करून काम भागवलं. पण त्या दिवशी आकडा हातातून सुटला अन् आत पडला खोल. पोट्टा घामाघूम. तुझी सासू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

तवा कामिनी सामने आली. कोणाले काही विचारलं नाही. बांगड्या काढून बापाच्या खिशात घातल्या, बाही वर सारली, अन् घातला हात. "कुठं सांगा, डावीकडं का?" भुपेंद्र सांगे, "आणखी खाली, आणखी." अन् गेला ना बाई! तिचाही हात जाते! कसली तिनं क्लिप, आकडाही काढून दिला वर. चावी फिरवली तं गाडी अशी गरजली का बोडीवरचे बगळे उडाले. मी टाळ्या वाजवल्या. खोटं नाही सांगत, मी, मनकर्णा, सत्तर पार केलेली, आंगणात टाळ्या वाजवून राहिली होती. इतके दिवस मले भेव वाटे, का क्लिप सुटली का हा पोट्टा तुलेच आणाले धावणार. आता ते भेव गेलं. तुझं नख गेलं होतं ना तिथं, तिचं नखही गेलं नाही. नेलपॉलिश होती तशीच.

मंग मधुकरराव खाली वाकून चाकाजवळ पाहू लागला. म्हणे, "ही गाडी मूळची एवढी उंच नसंल. स्प्रिंगमध्ये रबराचे गट्टू कोणं घातले? भल्लं डोकं चालवलं, आता गतिरोधकावर पोट घासणार नाही."

भुपेंद्र म्हणे, "वहिनीनं सुचवलं."

"अन् आधी ही मागची क्लिप कोण कसे?"

"वहिनीच."

"मंग बोलवा ना तिले! एवढी हुशार बाई आम्ही पाहिली नाही."

आता तूच सांग, मी काय करावं? खरं सांगितलं असतं का विधवा सून माहेरी ठेवली आहे, या पोराची वाट पाहत बसली आहे, तं पाहुणे पोरीच्या हातात वापस बांगड्या घालून जीपमध्ये बसले असते. कोण बाप असल्या घरी पोरगी देते? मी तं डगमगले नाही. म्हटलं, "ती कुठं आता आमची जी. तिनं पाट लावला. तिकडं धरणाकडं दुसरं घर केलं. लेकरू आमच्या पदरात टाकून गेली."

गुड्डी माझा पदर धरूनच होती. ती म्हणाली, "नाही, आई येणार आहे. काका आणणार आहे." मी तिच्या तोंडात अनारसा कोंबला. मोठा होता, चावत बसली बिचारी.

कामिनी हुशार. ती माझ्याकडं नाही, भुपेंद्रकडं पाहाले लागली. म्हणे, "खरं होय का?"

हे तुले नीट सांगते, मंग म्हणू नको का आजीनं लपवलं. भुपेंद्र फडक्यानं हात पुसत होता. हात पुसले, फडकं उलटं केलं, पुन्हा पुसले. मी त्याच्याकडं पाह्यलं नाही, मी गुड्डीच्या फ्रॉकवरचा चुरा झटकत होती. मंग तो म्हणाला, "आजी म्हणते तेच."

एवढंच बोलला. पण बोलला. मी त्याच्या तोंडात हात घातला नव्हता.

तुझी सासू रांधणीत डोळे पुसून राहिली होती. पाहुण्यानं पाह्यलं तं म्हणे धूर लागला. गॅसवर धूर कायचा? मले हासूच आलं. मारोत उठून कोठ्यात गेला अन् बैलाले वैरण घालत बसला, पाहुण्याले टाकून. घरात अक्कल एकट्या माझ्याजवळच ठेवली आहे देवानं. पाहुणे जेवले, वांग्याची भाजी दोनदा घेतली. कामिनीनं गुड्डीले मांडीवर बसवून गाडीत हॉर्न वाजवाले लावला. गुड्डी आधी आखडून बसली, मंग वाजवला. पाचव्या-सहाव्यांदा तं हासलीही. तुझी काळजी मिटली म्हण. लेकराचं मन म्हणजे पाण्यावरची रेघ. शाळेत आता कामिनीनं दिलेली रिबन लावून जाते. मधात तुझं नाव काढते, नाही असं नाही, पण कमी कमी.

पाहुणे गेल्यावर भुपेंद्र जेवला नाही. बोनट उघडून त्यात पाहत उभा राहिला. मी म्हटलं, "आता काय बिघडलं रे?" म्हणे, "काही नाही." मंग लावला बोनट. जवान पोट्टा आहे, दोन दिवसात ठीक होईल. काल तं नवीन वायपर लावून राहिला होता.

आता मुख्य कामाचं. मी पाहुण्यात बोलून बसली, तं माझा शब्द खोटा पडू देऊ नको. तुमच्या पुनर्वसनातल्या वस्तीत तो हेमराज ढिवर नाही का, आपल्यातलाच, तुमच्या मागच्या गल्लीतला, ज्याची बायको दोन साल झाले वारली? घर पक्कं आहे, दोन लेकरं आहेत. तुले लेकराची हौस आहेच. नत्थूले सांगितलं आहे, चिठ्ठी देऊन झाली का तसाच हेमराजकडं जा अन् बोलून ये. नत्थू मले म्हणे, "काकू, खुशबूले विचारलं का?" मी म्हटलं, "अरे, विचाराले तं चिठ्ठी देऊन राहिली ना!" माणसाले समजतच नाही. तू फक्त नाही म्हणू नको. मंग मी खोटं बोलली असं कोणी म्हणणार नाही, अन् तुझंही घर होईल. दोघींचंही भलं.

गुड्डी इथंच राहील. तिकडं सावत्र बापाच्या दारात कायले? आमच्या घरचं रक्त आहे ते. भेटाले ये पुढं कवा तरी, लग्न उरकलं का, आधी नाही.

नत्थू सांगत होता का सांजचं तू कालव्याच्या फाट्यावर उभी राहतेस, तुमसरकडून येणारी लाल गाडी पाहत. ते बंद कर. बाईनं रस्त्यावर उभं राहणं बरं दिसत नाही, अन् हेमराजच्या कानावर गेलं तं तो काय म्हणेल? गाडी तिकडं येणार नाही. तिले आंगणातच उभी ठेवाची आहे, तोरण बांधून, मधुकररावानं स्वतः सांगितलं. सोयरीक पक्की झाली, गावात निरोप गेले, साक्षगंधाच्या साड्या आल्या. तुझी जांभळी साडी पेटीत होती, ती मी तुझ्या सासूले नेसाले काढली. तशीही पडून होती.

त्या दिवशी येऊ नको. फोन लावू नको. आपल्या घरच्या देवाले नमस्कार कर अन् बसून राहा.

तुझं वाईट कधी चिंतलं नाही अशी,
तुझी आजी मनकर्णा

पाहुणे साक्षगंधाले इतवारी येतो म्हणून गेले आहेत.